शेणाची जमीन काढून फोमवर कोबा: चौदा महिन्यांनंतर

मे महिन्यात दुपारी आमच्याकडे कोणी आलं तर माजघर रिकामं दिसतं. नवा लाल कोबा, वर पंखा, कोपऱ्यात कूलर, आणि माणूस एक नाही. सगळे मागच्या दहा बाय दहाच्या कोठीच्या खोलीत आडवे पडलेले असतात. घरातली त्या एकाच खोलीची जमीन आम्ही तोडली नाही. तिथे अजून शेणाने सारवलेली मातीची जमीन आहे. सव्वा लाखाच्या आसपास खर्च करून झोपायला जुन्याच जमिनीवर जायचं, म्हणून शेजारचे हसतात. आता मीही हसते.

तरी काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्यातलं तीन चतुर्थांश मी उद्या पुन्हा करीन. उरलेल्या पाव भागाबद्दलच मुख्यतः सांगायचं आहे, कारण त्यातच सगळ्यात जास्त पैसा गेला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे. घर ह्यांच्या आजोबांच्या वेळचं. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या दीड हात रुंद भिंती, वर आधी कवेलू होते, आता पंधरा वर्षांपासून टिन. माजघर, स्वयंपाकघर, मधली खोली आणि कोठी, सगळीकडे मातीची जमीन. लग्न होऊन आले तेव्हापासून दर आठवड्याला सारवण माझ्याकडे. ज्यांनी कधी केलं नाही त्यांना त्याचं फार कौतुक असतं, फोटोही छान येतात. उकिडवं बसून, मागे मागे सरकत, पोतेऱ्याने चार खोल्या सारवायच्या म्हणजे पाठीचा कणा रात्री वेगळा काढून ठेवावासा वाटतो. त्यात पावसाळ्यात ते वाळत नाही. गादीच्या खालच्या बाजूला बुरशी, धान्याच्या पोत्याच्या बुडाला ओल, आणि घुशी. एका वर्षी घुशीने जात्याजवळून बीळ काढलं ते थेट गोठ्यात निघालं. दारांच्या चौकटी खालून उधईने खाल्लेल्या होत्याच.

साधा कोबा करायचं ठरलं होतं. मध्ये माझा धाकटा भाऊ आला. तो अमरावतीला बांधकामावर सुपरवायझर आहे. त्याने मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दाखवले: जुन्या दगडी घरातली मातीची जमीन उकरतात, खाली प्लॅस्टिक, त्यावर जाड फोमच्या शीट, त्यावर काँक्रीट. वर मोजे घालून पोरं खेळत आहेत. "ताई, इन्सुलेशन म्हणजे उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात गरम," असं तो म्हणाला आणि आम्ही मान डोलावली. ही गोष्ट छताला लागू आहे. जमिनीला लागू आहे का, हे आम्ही कोणी विचारलंच नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एवढंच सांगितलं, "माह्या कोठीले हात लावू नका." त्यांचं वय बघून कोणी वाद घातला नाही. त्या हट्टामुळेच आज माझ्याकडे तुलना करायला दोन्ही जमिनी आहेत.

कापूस विकून झाल्यावर, होळीच्या आधी काम काढलं. तीन खोल्या मिळून ४१२ चौरस फूट. चूल गोठ्याजवळच्या सपरीत हलवली आणि महिनाभर तिथेच राहिलो.

खोदकामाबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. मातीच्या भिंतीच्या घरात पूर्ण खोली एकदम उकरू नका. भिंतीचा पाया किती खोल आहे ते आधी एका कोपऱ्यात बघा. आमचा मिस्तरी ट्रॅक्टर लावून दोन दिवसांत माती बाहेर काढायला निघाला होता. भावाने थांबवलं. मध्ये सव्वा फूट उतरलो, आणि भिंतीलगतची पट्टी तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत काढून लगेच मुरूम भरत गेलो. सात दिवस जास्त लागले, पण भिंत जागची हलली नाही. वर पांढरी माती निघाली, पण खाली गेल्यावर स्वयंपाकघराच्या बाजूला चक्क काळी लागली. वावरात मे महिन्यात जिच्या भेगेत मनगट जातं आणि आषाढात जी फुगून येते, तीच. तिच्यावर काँक्रीट टाकलं की ती पाणी पिऊन वर उचलणार आणि उन्हाळ्यात आखडून खाली पोकळी ठेवणार. म्हणून तिथे काळी आणखी फूटभर काढली आणि मुरूम भरला. मुरूम फुगत नाही. पाणी मारून, तीन-तीन इंचांचे थर करून, दुरमुसाने ठोकला. या ठोकण्यात कंजूषी करू नका, इथलं दुर्लक्ष वरून कधीच दुरुस्त होत नाही.

मुरमावर उधईचं औषध मारलं. त्या दिवशी पोरं आणि बकऱ्या दोन्ही लांब ठेवल्या. मग तीन इंच गिट्टीचा पीसीसी, म्हणजे बिनजाळीचं साधं काँक्रीट. त्यावर ३०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, जोडावर फूटभर एकावर एक घेऊन टेप लावलेलं, कडेला भिंतीवर चढवलेलं. मग दोन इंचाची फोम शीट, मग जाळी, मग तीन इंच काँक्रीट आणि वरून लाल ऑक्साईड घोटून.

फोमची एक कहाणी आहे. नागपूरच्या एका दुकानातून ५८ शीट मागवल्या. मागितलं होतं एक्सपीएस, म्हणजे सलग, कडक फोम. गाडीतून उतरलं ते पांढरं, टीव्हीच्या खोक्यात येतं तसं थर्माकोल. दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, एकच असतं ते." एकच नसतं. थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे चिकटवलेले, दाण्यांमध्ये फटी. जड थर्माकोल जमिनीखाली चालतं, पण पॅकिंगवालं एका घनमीटरला दहा-बारा किलो भरतं आणि टाचेखाली दबतं. एक्सपीएस तीस-पस्तीस किलो भरतं, सलग असतं, आणि त्यातले कप्पे बंद असल्यामुळे पाणी पीत नाही. मी दोन्हींचे हातभर तुकडे किराण्याच्या काट्यावर तोलले, दगड ठेवून रात्रभर बादलीत बुडवले, सकाळी पुसून पुन्हा तोलले. थर्माकोलचा तुकडा पाणी पिऊन जड झाला होता. दुसरा, जो भावाने नमुना म्हणून आणला होता, तेवढाच भरला. काट्याचा फोटो पाठवल्यावर माल बदलून मिळाला, भाडं मात्र दोनदा आमच्याच माथी.

काँक्रीट सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत एक खोली, असं तीन दिवस टाकलं. घमेली घेऊन माणसं थेट शीटवरून चालली की शीट दबते आणि जोड उघडतात, म्हणून फळ्या टाकून वाट केली. मिस्तरीचं म्हणणं, तीन दिवस पाणी मारा, बस. बाजारात आता बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं आणि त्याला काँक्रीटच्या सरकारी मानकाप्रमाणे (आयएस ४५६) किमान दहा दिवस ओल ठेवायची असते. मार्चचं ऊन बघून आम्ही चौदा दिवस पोती ओली ठेवली. विहिरीवरून पाणी आणणारी मीच होते, त्यामुळे दिवस नीट आठवतात.

चूक एक झाली. खोली सलग ओतली. पूर्वीचे लोक कोब्यात काचेच्या पट्ट्या घालून चौकोन पाडत, ते काही फक्त शोभेसाठी नव्हतं. सुकताना काँक्रीट आखडतं, त्याला कुठे फाटायचं ते आपण ठरवून द्यायचं असतं. आम्ही दिलं नाही, म्हणून त्याने स्वतः ठरवलं: स्वयंपाकघराच्या दारापासून मोरीपर्यंत तिरपी केसाएवढी भेग. वाढलेली नाही. पण लाल कोब्यावर काळी रेघ रोज पोळ्या लाटताना डोळ्यांसमोर असते.

आता पावसाळा. इथे मी हातचं राखून न ठेवता सांगते, नवी जमीन पैकीच्या पैकी. जुलै-ऑगस्टात पहिल्यांदा घरात कुबट वास नव्हता. पाठ टेकल्यावर चादर दमट लागली नाही. घुशींचा रस्ता बंद. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस माजघरात रचला, आमच्याकडे सगळे रचतात, भाव वाढेल या आशेवर. पूर्वी खालचा हातभर थर पिवळा पडायचा आणि दाबून पाहिला की गार लागायचा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण भाव, पुढे कपात, आणि १२ च्या वर तर गाडी परतच. या वेळी ढिगाचा तळही वरच्यासारखाच पांढरा निघाला. ह्यांनी तो मूठभर कापूस हातात घेऊन दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि काही बोलले नाहीत. तेवढ्यासाठी माझे सगळे विहिरीचे हेलपाटे वसूल.

पण हे फोमचं काम नव्हे. ओल अडवली मुरमाने आणि प्लॅस्टिकने. प्लॅस्टिकचा खर्च दोन हजार. फोमचा, भाड्यांसकट, ३७ हजार.

ओल अडली म्हणजे ती संपली असंही नाही. पूर्वी ती सगळ्या जमिनीतून थोडी थोडी उडून जायची. आता वरून झाकण बसल्यावर तिने भिंती धरल्या. सप्टेंबरात पश्चिमेच्या भिंतीला खालून वीतभर लोणा आला, पांढरी भुकटी, खाली पोपडे. भावाने सांगितलं होतं की कोबा आणि भिंत यांच्यात बोटभर फट ठेवून त्यात चुना-रेती भरा, म्हणजे भिंतीला श्वास घेता येईल. मिस्तरीने आमच्या नकळत ती सिमेंटने भरली, वर हातभर सिमेंटचा गिलावा चढवला, "मजबूत" म्हणून. दिवाळीत तो गिलावा छिन्नीने काढला, माती-चुन्याचा केला, आणि टिनाच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे बाहेर नाली काढून पाणी लांब नेलं. आता भिंत सुकत आहे, पण खरं काय ते पुढच्या पावसाळ्यात कळेल. मातीच्या भिंती असतील तर नाली आधी काढा, जमिनीला हात नंतर.

हिवाळ्यात मला वाटलं होतं, आता तरी त्या ३७ हजारांचं चीज होईल. भावाने कामावरचं पिस्तुलासारखं तापमापक दिलं होतं, रोखलं की वस्तू किती तापली ते दाखवणारं. (कोरोनात कपाळावर धरायचे ते नव्हे, ते फक्त अंगातला ताप मोजतं.) डिसेंबरात एका पहाटे सहाला बाहेर ११, माजघरातली हवा १७, कोबा १८. कोठीत जाऊन जमिनीवर धरलं तर २१. मला वाटलं सेल गेला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. फोमवरचा कोबा मातीपेक्षा गार होता. आणि पायालाही तो जास्त गार लागतो, कारण काँक्रीट पायाची ऊब भराभर ओढून घेतं, सारवलेली माती तेवढी ओढत नाही. शीट कितीही भारी असो, ती तीन इंच खाली आहे. तळव्याला भेटतं ते काँक्रीटच.

मग मे. दुपारी तीनला बाहेर ४४. माजघरातली हवा ३८, कोबा ३७. कोठीची जमीन ३१. रात्री अकराला कोबा ३५, कोठी ३१ ची ३१. आत्याबाई चटई न घेताच लवंडलेल्या. मी म्हटलं, आत्याबाई, बाहेर कूलरपाशी या. तर म्हणाल्या, "मी त इथंच निजतो बाई. हे जमीन पाठीले धरून ठेवते." दुपारचा सहा अंशांचा फरक त्यांनी मापकाशिवाय सांगितला.

भावाला फोन केला. तो जरा वेळ गप्प होता, मग त्यानेच हिशेब मांडला. जमीन चार-पाच मीटर खोल गेलं की बारा महिने जवळपास एकाच तापमानाला असते, आणि ते तापमान म्हणजे त्या गावाची वर्षाची सरासरी. इंग्लंडात ते दहा-अकरा अंश. तिथे जमीन बारा महिने घराची ऊब खाते, म्हणून ते मध्ये फोम घालतात, बरोबरच करतात. आपल्याकडे ते साधारण २७. म्हणजे मे महिन्यात आपल्या पायाखाली फुकटचा गारवा आहे आणि डिसेंबरात फुकटची ऊब. एक्सपीएस काँक्रीटच्या पन्नासपट उष्णता अडवतं. दोन इंच शीट घातली म्हणजे मध्ये आठ फूट जाडीचं काँक्रीट घातल्यासारखं झालं. आपण पैसे देऊन जमिनीशी बोलणं बंद केलं.

सेवाग्रामला बापू कुटीत मी दोन-तीनदा गेले आहे, एकदा ऐन एप्रिलात. तिथे सारवलेल्या जमिनीवर बसल्यावर बाहेरचं ऊन विसरायला होतं. तेव्हा मी ते सगळं जाड भिंतींच्या आणि कवेलूच्या नावावर टाकलं होतं. बुडाखालची जमीनही काम करत होती, हे डोक्यात आलं नाही.

आमच्या घरात उष्णता येते ती वरून, टिनातून. दुपारी टिनाच्या खालच्या बाजूवर तेच मापक रोखलं तर ५८ दाखवलं. जो पैसा आम्ही पायाखाली पुरला तो डोक्यावर लावायला हवा होता. बांबूच्या तट्ट्या आणि वर मातीचा थर असं जुनं माळवद घातलं असतं, किंवा नुसता वरून चुना मारला असता, तरी याहून फरक पडला असता.

एकूण खर्च विचाराल तर १ लाख १२ हजार. फोम ३७, मजुरी ३२, मुरूम-गिट्टी-रेती १८, सिमेंटच्या ३४ बॅगा साडेबारा, जाळी आठ, बाकी किरकोळ. लोणा आलेल्या भिंतीची दुरुस्ती आणि नाली यात धरलेली नाही, ती धरली की सुरुवातीला म्हटलेला आकडा येतो.

घसरण्याचं सांगायचं राहिलं. घोटून घोटून आरसा केलेला कोबा ओला झाला की बर्फ होतो. माती सांडलेलं पाणी पिऊन टाकायची, तिच्या भरवशावर हात सैल झालेला असतो. पहिल्याच महिन्यात आत्याबाई मोरीजवळ घसरल्या, कमरेवर पडल्या, हाड वाचलं. आता मोरीच्या आजूबाजूला खडबडीत केलं आहे. घरात म्हातारं माणूस असेल तर मिस्तरीला घोटण्याचा हात आवरायला सांगा, आणि ढाळ सुरुवातीलाच मागा. आमच्या स्वयंपाकघरात तो उलटा, कोठीकडे आहे. बादली लवंडली की सगळ्यात आधी आत्याबाई ओरडतात.

पुढच्या फेब्रुवारीत ओसरी करायची आहे. मुरूम, औषध, पीसीसी, प्लॅस्टिक, काचेच्या पट्ट्या घालून कोबा. फोम नाही. भाऊ म्हणतो, कडेच्या दोन फुटांत उभी शीट लावू, म्हणजे बाहेरच्या तापलेल्या अंगणाची उष्णता आडवी आत येणार नाही आणि मधली जमीन मोकळी राहील. हे पटण्यासारखं आहे, पण या वेळी मी आधी तापमापक रोखून बघणार आहे.

कोठी तशीच राहील. दर शनिवारी शंभर चौरस फूट सारवते, अर्ध्या तासाचं काम, पाठ बोलत नाही.

सात शीट उरल्या होत्या. स्वयंपाकघराच्या टिनाखाली लावू म्हटलं, पण हा फोम पेट घेतो आणि खाली चूल, म्हणून राहिलं. दोन बकऱ्यांच्या दावणीमागे गेल्या. एकीचा आत्याबाईंनी विळ्याने चौकोनी तुकडा कापला आणि त्यावर बसून ओसरीत तुरीच्या शेंगा सोलतात. मी विचारलं, कसं आहे. म्हणाल्या, "बुडाले लय गरम लागते वं. थंडीत कामाचं हाय."